अण्णांची दाढ, जुनी ‘ॲलर्जी’ आणि भुलीचं इंजेक्शन

डॉक्टर, नमस्कार.
मी तासगाव तालुक्यातून लिहितेय. माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ६८ वर्षांचे आहेत. दीड वर्षापूर्वी मिरजेत त्यांची अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. बीपी आणि शुगर दोन्ही आहे, पण गोळ्या वेळेवर घेतात, शेतात रोज एक फेरी मारतात. खालची डावी दाढ किडून आत पू झालाय. अँटिबायोटिक घेतलं की थांबतं, पुन्हा ठणकायला लागतं. दाढ काढायलाच हवी असं सांगितलंय. अडचण अशी की, दहा-बारा वर्षांपूर्वी दुसरी एक दाढ काढताना भुलीचं इंजेक्शन दिल्याबरोबर त्यांची छाती जोरात धडधडायला लागली, हात कापायला लागले, शर्ट घामाने भिजला. दहा-पंधरा मिनिटांत सगळं आपोआप थांबलं. तेव्हा कागदावर ‘लोकल ॲनेस्थेशियाची ॲलर्जी’ असं लिहून दिलं. तो कागद आम्ही अजून फाईलला लावून ठेवलाय, आणि अण्णा दाताच्या दवाखान्याचं नाव काढलं तरी घाबरतात. आता सांगलीचे डेंटिस्ट म्हणतात की थोडं ॲड्रिनालिन असलेलं इंजेक्शन देऊ, पण आधी हार्टच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा. मिस्टर म्हणतात, त्यापेक्षा पूर्ण भूल देऊन काढू. दीर म्हणतात, ॲड्रिनालिन नसलेलं इंजेक्शन मिळतं, तेच द्या. गेल्या ऑक्टोबरात द्राक्षबागेच्या छाटणीत मिस्टरांच्या बोटाला कात्री लागली, तेव्हा डॉक्टरांनी साधंच इंजेक्शन देऊन टाके घातले, काही कळलं नाही. मग हार्टच्या माणसाला ॲड्रिनालिन कशाला?
गोळ्या: मेटोप्रोलॉल, टेल्मिसार्टन, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, ॲटोर्व्हास्टॅटिन, मेटफॉर्मिन, आणि पायाच्या जळजळीसाठी रात्री ॲमिट्रिप्टिलिन १०.
— एक सून, तासगाव तालुका

ताई,

तुमच्या डेंटिस्टनी योग्य तेच सांगितलं, आणि कार्डिओलॉजिस्टची चिठ्ठी मागितली हे तर फारच चांगलं केलं. तुम्ही लिहिलंय त्यावरून अण्णांना ॲड्रिनालिन असलेलं भुलीचं इंजेक्शन मोजक्या मात्रेत देता येईल असं मला वाटतं, आणि द्यावं असंही वाटतं. अण्णांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द त्या दोघा डॉक्टरांचा. पण घरातल्या शंका मिटल्याशिवाय अण्णा त्या खुर्चीत निवांत बसणार नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दिरांचा प्रश्न घेतो, कारण तो रास्त आहे.

बधिर करणारं मुख्य औषध लिग्नोकेन. वेदनेचा निरोप नसेतून मेंदूकडे जातो, तो हे औषध वाटेतच अडवतं. त्यासाठी ते नसेपाशी टिकून राहायला हवं, आणि लिग्नोकेनची खोड अशी की जिथे टोचतो तिथल्या बारीक रक्तवाहिन्या ते सैल करतं. तोंडात रक्तपुरवठा मुळातच भरपूर. वाहिन्या रुंदावल्या की रक्त जास्त खेळतं आणि औषध बघता बघता तिथून निघून जातं. साधं २ टक्के लिग्नोकेन हिरडीत टोचलं तर ओठ-गाल बराच वेळ जड वाटतात, पण दाताच्या गाभ्यातली बधिरता जेमतेम ५ ते १० मिनिटं टिकते. त्याच औषधात किंचितसं ॲड्रिनालिन असलं की ती तासाभरापर्यंत जाते. ॲड्रिनालिन त्या जागेपुरत्या रक्तवाहिन्या आवळून धरतं. तुमच्या बागेत वेलीच्या बुडाशी आळं केलं की पाणी वाहून न जाता मुळाशी मुरतं, तसं औषध नसेपाशी थांबतं.

डेंटिस्टच्या खुर्चीपाशी उभं राहिलं तर हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. इंजेक्शन दिल्यावर थोड्याच वेळात सुईच्या आसपासची गुलाबी हिरडी फिकट होत जाते, बोटाच्या पेराएवढा भाग पांढुरका पडतो. तिथलं रक्त आटोक्यात आलं आणि औषध जागेवर बसलं याची ती खूण. दाढ काढताना रक्तही कमी येतं, खड्ड्यात नीट दिसतं, हात भराभर चालतो. रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही साधी गोष्ट नाही.

हे मिश्रण आजकालचं नाही. १८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेत कोकेनने डोळा बधिर करून दाखवला आणि जागेपुरत्या भुलीचं युग सुरू झालं. पण कोकेन रक्तात भराभर शोषलं जाई, त्याची विषबाधा होई, माणसं दगावत. हातापायाला पट्टा आवळून बांधला की औषध जागेवर जास्त टिकतं हे अमेरिकेतल्या लिओनार्ड कॉर्निंग यांनी १८८५ मध्येच दाखवलं होतं, पण जबड्याला पट्टा बांधणार कसा? १९०१ च्या सुमारास जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने ॲड्रिनालिन शुद्ध स्वरूपात वेगळं केलं, आणि १९०३ मध्ये हाइनरिश ब्राउन या जर्मन सर्जननी ते भुलीच्या औषधात मिसळायची पद्धत मांडली. पट्ट्याचं काम औषधानेच होऊ लागलं. लिग्नोकेन नंतर आलं, स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी ते १९४३ मध्ये तयार केलं आणि १९४८ पासून बाजारात मिळू लागलं. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की ॲड्रिनालिन घालायला सुरुवात झाली ती माणसाला जास्त सुरक्षित ठेवण्यासाठी. भुलीचं औषध एकदम रक्तात जाऊ नये, हा त्यामागचा पहिला विचार. आजही साध्या लिग्नोकेनची कमाल मात्रा वजनाच्या दर किलोला सुमारे साडेचार मिलिग्रॅम धरतात आणि ॲड्रिनालिनसह ती सात मिलिग्रॅमपर्यंत जाते, ते याच कारणाने.

आता मात्रेकडे येऊ, कारण सगळी भीती मात्रेची आहे. डेंटिस्टकडे बहुधा ३० मिलीची रबरी बुचाची बाटली असते. तिच्या लेबलावर लिग्नोकेन २ टक्के आणि ॲड्रिनालिन १:८०,००० असं लिहिलेलं असतं. म्हणजे ८०,००० मिली द्रावणात १ ग्रॅम ॲड्रिनालिन. एका मिलीत साडेबारा मायक्रोग्रॅम (एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग). खालची दाढ काढायला साधारण २ मिली लागतं, म्हणजे २५ मायक्रोग्रॅम. अतिदक्षता विभागात हृदय बंद पडल्यावर देतात त्या ॲड्रिनालिनच्या एका ॲम्प्यूलमध्ये, म्हणजे काचेच्या छोट्या कुपीत, १,००० मायक्रोग्रॅम असतं, आणि ते थेट शिरेत देतात. ‘हार्टच्या पेशंटला ॲड्रिनालिन’ म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे ते ॲम्प्यूल येतं. दाढेला लागतं ते त्याचा चाळिसावा भाग, तेही शिरेत न देता मांसात, सावकाश.

धडधाकट माणसाला दाताच्या एका बैठकीत २०० मायक्रोग्रॅमपर्यंत ॲड्रिनालिन चालतं असं दंतवैद्यकात धरतात. हृदयविकार असलेल्यांसाठी हीच मर्यादा ४० मायक्रोग्रॅमवर आणली आहे. १:८०,००० च्या बाटलीतून ती मर्यादा साधारण ३ मिलीला गाठली जाते. १:२,००,००० चं पातळ द्रावणही मिळतं, त्यात एका मिलीला ५ मायक्रोग्रॅम येतं, म्हणजे ८ मिलीपर्यंत मोकळीक. तुमचे डेंटिस्ट ‘थोडं’ म्हणाले ते या हिशेबानेच म्हणाले असणार. कुठली बाटली वापरणार आणि किती मिली, हे त्यांना जरूर विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

दिरांना मला आणखी एक गोष्ट सांगायची आहे. ॲड्रिनालिन काही बाहेरून आणलेलं परकं रसायन नव्हे. आपल्या प्रत्येक मूत्रपिंडावर एक छोटी ग्रंथी असते, ती हे रोज तयार करते. माणूस घाबरला, त्याला दुखलं, की ती ग्रंथी नेहमीपेक्षा कितीतरी पट ॲड्रिनालिन थेट रक्तात सोडते. आता अण्णांचा विचार करा. आधीच धास्तावलेले. साधं इंजेक्शन दिलं, दाढ अर्धी हलवली आणि बधिरता ओसरली. पुढची कळ मस्तकात जाईल तेव्हा त्यांच्या स्वतःच्या शरीरातून जे ॲड्रिनालिन उसळेल, त्याला ना लेबल ना मर्यादा. हृदयावर खरा भार त्याचा पडतो. म्हणून हृदयविकाराच्या माणसाची दाढ काढताना माझा पहिला आग्रह पूर्ण बधिरतेचा असतो. बधिरता अर्धवट राहिली म्हणून साधं इंजेक्शन पुन्हा पुन्हा टोचत जाणं हेही बरं नाही, कारण मग लिग्नोकेनच रक्तात वाढतं. कानात आवाज येणं, बोबडी वळणं, फारच झालं तर झटके येणं, हे त्याचे परिणाम. एका दाढेसाठी तिथपर्यंत सहसा वेळ येत नाही, तरी विनाकारण त्या दिशेला जावं कशाला?

मग मिस्टरांच्या बोटाला साधं इंजेक्शन का दिलं, आणि ते पुरलं कसं? बोटाच्या दोन्ही बाजूंनी नसा कातडीखालून अगदी जवळून जातात. तिथे मुळाशी औषध सोडलं की साध्या लिग्नोकेननेही टाके घालण्यापुरतं काम निभावतं. दाढेच्या नसेला जबड्याच्या जाड हाडाचं कवच आहे, गाभ्यापर्यंत बधिरता पोचवणं आणि तिथे टिकवणं अवघड. शिवाय बोटं, नाकाचा शेंडा अशा टोकाच्या अवयवांत ॲड्रिनालिन टाळावं, नाहीतर रक्तपुरवठा तुटून तो भाग काळा पडेल, असं वैद्यकात पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आले. गेल्या वीसेक वर्षांत हाताच्या सर्जननी हजारो बोटांवर ॲड्रिनालिन वापरून ही भीती अवाजवी होती हे दाखवलंय, कॅनडाच्या डोनाल्ड ललोंड यांचं नाव त्यात पुढे आहे. वाहिनी फारच आवळली तर ती सोडवणारं फेंटोलामिन नावाचं उतारा-औषधही आहे. तरी छोट्या दवाखान्यात बोटाला टाके घालताना साधी बाटली घेणाऱ्या डॉक्टरांनी काही चुकीचं केलं नाही. बोटाचा नियम दाढेला लागू नाही, इतकंच.

आता त्या ‘ॲलर्जी’च्या कागदाबद्दल. तुमच्या पत्रातली ही गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली. लिग्नोकेनची खरी ॲलर्जी असते, पण फार क्वचित. ती झाली तर अंगावर गांधी उठतात, खाज सुटते, ओठ-डोळे सुजतात, श्वासाला घरघर लागते, बीपी खाली जातं. तुम्ही लिहिलंय त्यात यातलं एकही लक्षण नाही. इंजेक्शन दिल्याबरोबर छातीत धडधड, हातांना कंप, घाम, आणि दहा-पंधरा मिनिटांत सगळं आपोआप शांत, हे वर्णन जवळजवळ शब्दशः ॲड्रिनालिनचंच आहे. रक्तात गेलेलं ॲड्रिनालिन शरीर काही मिनिटांत मोडून टाकतं, म्हणूनच ते इतक्या लवकर थांबलं.

तसं होण्याची दोन कारणं असू शकतात. खालची दाढ बधिर करायला जबड्याच्या आतल्या बाजूला, मागे, जिथे नस हाडात शिरते तिथे सुई न्यावी लागते. नसेला लगटून तिथे रक्तवाहिन्याही जातात. सुईचं टोक वाहिनीत असताना औषध ढकललं, तर मांसासाठी ठेवलेली मात्रा थेट रक्तात जाते. ते टाळायला डॉक्टर आधी सिरिंजचा दट्ट्या जरासा मागे ओढून बघतात. सिरिंजमध्ये रक्ताची लालसर रेघ आली तर सुई हलवायची, नाही आली तरच औषध सोडायचं, आणि तेही घाई न करता, एका मिलीला मिनिटभर तरी देत. दुसरं कारण म्हणजे निव्वळ भीती. उपाशीपोटी, धास्तावलेल्या माणसाची छाती सुई बघूनच धडधडते. त्या दिवशी नेमकं काय झालं हे आज कुणी सांगू शकणार नाही. पण पुढे काहीही न तपासता ‘ॲलर्जी’ असा शब्द लिहून दिला, आणि त्या एका शब्दाने एक माणूस दहा-बारा वर्षं दाताच्या इलाजापासून लांब राहिला, याचं मला फार वाईट वाटतं. अशा चिठ्ठ्या आपल्याकडे फार सहज लिहिल्या जातात आणि पुढचा प्रत्येक डॉक्टर त्या बघून हात आखडता घेतो.

तरी अण्णांना एक प्रश्न नक्की विचारा. त्यांना दमा आहे का, किंवा टिकण्यासाठी सल्फाइट हे रसायन घातलेली डबाबंद वस्तू खाल्ल्यावर कधी धाप लागली होती का? ॲड्रिनालिन खराब होऊ नये म्हणून त्या बाटलीत सोडियम मेटाबायसल्फाइट घालतात, आणि काही दमेकरी त्याला संवेदनशील असतात. एकाच बाटलीतून पुन्हा पुन्हा औषध काढायचं असतं अशा बाटल्यांत मिथाइलपॅराबेन हे परिरक्षकही असतं, त्याचीही क्वचित ॲलर्जी येते. उत्तर ‘हो’ असेल, किंवा त्या वेळी अंगावर गांधी उठल्याचं घरातल्या कुणाला आठवत असेल, तर दाढ थांबवा आणि आधी ॲलर्जीच्या तज्ज्ञाकडून रीतसर तपासणी करून घ्या, मोठ्या रुग्णालयात, हळूहळू मात्रा वाढवत. दवाखान्यात हातावर एक फुगवटा करून पाच मिनिटांत ‘टेस्ट पास’ म्हणतात, तेवढ्यावर भरवसा ठेवू नका. उत्तर ‘नाही’ असेल तर डेंटिस्टना सगळा प्रसंग जसा तुम्ही मला लिहिलात तसाच सांगा आणि नवीन कागदावर त्यांच्याकडून नीट नोंद करून घ्या.

तुम्ही गोळ्यांची यादी दिलीत ते फार बरं केलंत. त्यात दोन नावांवर माझी नजर थांबली. ॲमिट्रिप्टिलिन पायाच्या जळजळीसाठी देतात आणि घरचे लोक ती सांगायला बहुतेक वेळा विसरतात, कारण ती ना हार्टची ना शुगरची. पण या गटातली औषधं ॲड्रिनालिनचा परिणाम वाढवतात. १० मिलिग्रॅम ही छोटी मात्रा आहे, तिच्यामुळे इंजेक्शन रद्द करायची गरज नाही, आणि गोळी मनाने बंद करायचीही नाही. फक्त डेंटिस्टना ते माहीत हवं, म्हणजे ते ४० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेच्या आतच राहतील. दुसरी मेटोप्रोलॉल. ही मुख्यतः हृदयावर काम करणारी गोळी आहे, तिची ॲड्रिनालिनशी फारशी कुरबुर होत नाही. तिच्या जागी प्रोप्रॅनोलॉल असती, जी हात थरथरण्यासाठी, अर्धशिशीसाठी किंवा थायरॉइडमध्येही देतात, तर मी जास्त सावध झालो असतो. त्या गोळीवर असताना ॲड्रिनालिनने बीपी अचानक चढून नाडी मंदावू शकते. तुमची ही यादी वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरात प्रोप्रॅनोलॉल असेल तर त्यांनी हे वाक्य आपल्या डेंटिस्टना दाखवावं.

ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दाढेसाठी स्वतःहून बंद करू नका. ‘दात काढायचाय ना, मग चार दिवस रक्ताच्या गोळ्या थांबवा’ हा सल्ला गावोगाव दिला जातो आणि मला त्याची खरोखर धास्ती वाटते. हिरडीतून जास्त आलेलं रक्त बोळा दाबून थांबवता येतं, टाका घालता येतो, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या रक्त थांबवणाऱ्या औषधात भिजवलेलं गॉझ ठेवता येतं. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर तिथे बोळा दाबता येत नाही. कार्डिओलॉजिस्टकडे चिठ्ठी मागायला जाल तेव्हा नुसतं ‘दात काढायला परवानगी द्या’ म्हणू नका. दोन प्रश्न सरळ लिहून न्या: दोन्ही गोळ्या चालू ठेवून एक दाढ काढता येईल का, आणि ४० मायक्रोग्रॅमपर्यंत, म्हणजे ०.०४ मिलिग्रॅमपर्यंत ॲड्रिनालिन चालेल का. असा नेमका प्रश्न असला की उत्तरही नेमकं मिळतं. शेतातल्या फेरीत हल्ली छातीत दुखतं का, दम लागतो का, हेही तिथे अण्णांनी स्वतःच्या तोंडाने सांगावं.

ॲड्रिनालिन टाळावंच असे प्रसंग आहेत. नुकताच हार्ट ॲटॅक येऊन गेलेला, बसल्या जागी छातीत दुखणारा, हृदयाची लय बिघडलेली आणि आटोक्यात नसलेला, थायरॉइड फार वाढलेला आणि उपचार नसलेला, किंवा त्या दिवशी बीपी १८०/११० च्या वर असलेला माणूस. पण अशा माणसाला साधं इंजेक्शन देऊन दाढ काढणं हाही उपाय नव्हे. त्याची दाढ त्या दिवशी काढूच नये, आधी प्रकृती स्थिर करावी. फारच तातडी असेल तर रुग्णालयात, मॉनिटर लावून. अण्णा यातल्या कशातही बसत नाहीत असं तुमच्या पत्रावरून दिसतं.

मिस्टरांच्या ‘पूर्ण भूल’ या पर्यायामागची माया मला कळते. वडिलांना काही कळू नये, त्रास होऊ नये, एवढाच त्यांचा हेतू. पण स्टेंट असलेल्या ६८ वर्षांच्या माणसाला एका दाढेसाठी पूर्ण बेशुद्ध करायचं म्हणजे उपाशी ठेवणं, शिरेतून औषधं, बीपीचे चढउतार, श्वासनलिकेत नळी. त्याच्या तुलनेत २ मिलीचं इंजेक्शन हृदयाला फार हलकं जातं. अण्णांची भीती हीच मोठी अडचण वाटत असेल तर डेंटिस्टशी बोलून आदल्या रात्री झोपेसाठी एखादी सौम्य गोळी देता येते. मिरजेत किंवा सांगलीच्या दंत महाविद्यालयात मॉनिटर लावून काढायची सोय होते का, हेही विचारता येईल.

आणखी एक अडथळा पुवाचा आहे. पू झालेल्या जागेतलं वातावरण आम्लयुक्त होतं आणि तिथे लिग्नोकेन नसेत नीट शिरत नाही. दाढ ठणकत असताना घाईने जाऊन ‘बधिर झालीच नाही हो’ म्हणत लोक परत येतात ते यामुळे, आणि मग भुलीवरचा विश्वास उडतो. पू वाहून जायला वाट करून देऊन, सूज ओसरल्यावर, दाढेपासून लांब जबड्याच्या मागच्या बाजूला नस बधिर केली तर गुण येतो. अँटिबायोटिकने ठणका थांबला की तो काळ दाढ काढायला सगळ्यात चांगला. तुमच्याकडे तो वाया जात आलेला दिसतो.

ठरलेल्या दिवशी सकाळची वेळ घ्या. अण्णांनी रोजच्यासारखा नाश्ता करावा आणि सकाळच्या सगळ्या गोळ्या घ्याव्यात. शुगरचा माणूस उपाशी गेला तर साखर उतरून पुन्हा तोच घाम, तीच थरथर, आणि पुन्हा कुणीतरी ‘ॲलर्जी’ म्हणेल. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट गोळी दिलेली असेल तर खिशात असू द्या. खुर्चीत बसल्यावर आधी बीपी आणि साखर बघायला सांगा. इंजेक्शन दिल्यावर पाच-दहा मिनिटं थांबावं, डॉक्टरांनी टोकदार हत्याराने टोचून विचारलं की ‘दाबल्यासारखं वाटतं की दुखतं’, तर अण्णांनी खरं सांगावं. दाब जाणवणं साहजिक आहे. दुखत असेल तर हात वर करायचा, असं आधीच ठरवून ठेवा. आणि छातीत जरा धडधड झालीच, तर ती काही मिनिटांत जाते हे त्यांना आदल्या दिवशी तुम्ही सांगा. सुनेने सांगितलेलं ते ऐकतील असं तुमच्या पत्राच्या सुरावरून वाटतं. छातीत दाब आला, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, तर मात्र वाट बघायची नाही, लगेच सांगायचं.

दाढ निघाल्यावर गॉझचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा, आणि तेवढा वेळ दवाखान्यातच बसायचं. ॲड्रिनालिनचा असर आहे तोवर रक्त दबून राहतं, तो उतरल्यावर पुन्हा झिरपू शकतं, आणि ते नेमकं तासगावच्या वाटेवर गाडीत व्हायला नको. दोन जादा बोळे मागून घ्या. ओठ आणि जीभ तीन ते पाच तास जड राहतील, तोवर गरम चहा नको, डाव्या बाजूने चावणं नको. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल घ्यावी. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या हार्टच्या माणसाने, त्यातही ॲस्पिरिन चालू असताना, दुकानातून आणून घेऊ नयेत. आणि अण्णा दाढेत तंबाखूची चिमूट धरत असतील, ठणक्यावर उपाय म्हणून बरेच जण धरतात, तर निदान आठवडाभर ती पूर्ण बंद ठेवा. खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून गेली की उघड्या हाडाची जी कळ सुटते, ती मूळ दाढदुखीपेक्षा वाईट असते. बोळा काढल्यावरही रक्त वाहत राहिलं, तर थुंकत बसू नका, नवा बोळा दाबून धरा आणि डेंटिस्टना फोन करा.